आठशे मीटर आणि ओला झेंडू

झेंडूच्या सुट्या पाकळ्यांनी गच्च भरलेल्या एका पोत्याचं वजन किती भरेल? लगेच पुढे वाचू नका. आधी मनात एक आकडा ठरवा, शेजारी कुणी बसलं असेल तर त्यालाही विचारा, आणि मग या.

मी हा प्रश्न बऱ्याच जणांना विचारला आहे. लोक दोन किलो म्हणतात, तीन म्हणतात, फार तर चार. बदनावरच्या ज्या शेठजींची ही गोष्ट आहे, त्यांनी तर नुसता हात झटकला होता. "फूल में काय का वजन, बेटा?" आमच्या शाळेच्या कागदावरही चार पोत्यांचे मिळून दहा किलो लिहिलेले होते. खाली सहीची जागा रिकामी होती आणि ती सही मला करायची होती.

शाळा म्हणजे विमान उडवायला शिकवणारी शाळा. माळव्यात, धार जिल्ह्यातल्या एका लहानशा हवाईपट्टीवर ती चालते. कोणत्या, ते सांगत नाही. मी तिथे सहा वर्षं नोकरी करते आहे. मी पायलट नाही. घरून निघताना रिक्षावाल्याला "विमानाच्या शाळेत" म्हटलं की तो आरशातून माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "मॅडम, आप उड़ाते हो?" नाही भिया, मी उडवत नाही. उडायचं की नाही, हे सांगते. निदान तेव्हा सांगत होते.

माझं काम असं होतं. कोणतंही विमान निघण्याआधी एक कागद तयार होतो. विमान किती जड झालं आहे, ऊन किती आहे, वारा कुठून आणि किती आहे, आणि या सगळ्यात विमानाला जमीन सोडायला किती मीटर लागतील, हे सगळं त्या कागदावर मांडायचं. विमानाच्या पुस्तकात त्यासाठी तक्ते असतात. पायलट आकडे भरतो, दुसरं माणूस तपासतं आणि सही करतं. ते दुसरं माणूस मी होते.

हे काम रुक्ष असेल असं वाटतं ना? अजिबात नाही! मला तर त्याची नशा आहे. देवासला आमच्या घरी बाबांच्या युनियनची पत्रकं तयार व्हायची. बाबा कारखान्यात फिटर. माझी शाळा हिंदी, त्यामुळे मराठी वाचायला मी त्या पत्रकांवरच शिकले. प्रत्येक पत्रकात एक आकडा ठळक असायचा: किती तासांची पाळी, किती अंशांची भट्टी. बाबा म्हणायचे, आकडा खरा असेल तर आवाज चढवावा लागत नाही. मी पुढे गणित शिकले, नोकरीला लागले, आणि कळलं की इथे तर खऱ्या आकड्यावर माणसं चक्क आकाशात जातात.

आता थोडं गणित, पण घाबरू नका, ताकाचं आहे.

विमानाचा पंखा म्हणजे हवेत फिरणारी रवी. दही घट्ट असेल तर रवीला धरायला काहीतरी मिळतं. त्यात तांब्याभर पाणी ओतलं की रवी नुसतीच गरगरते. मे महिन्यात दुपारी माळव्याची हवा म्हणजे पाणी ओतलेलं ताक. पंख्याला ती धरता येत नाही, पंखांना उचलता येत नाही, आणि इंजिनालाही श्वासाला पुरत नाही. म्हणजे एकाच उन्हाचा तीन ठिकाणी मार. शिवाय आपलं पठार समुद्रापासून चांगलं उंचावर, तिथे हवा आधीच पातळ. त्यामुळे सकाळी आठला जे विमान टुणकन उडतं, तेच दुपारी एकला धावत सुटतं, धावतच राहतं, जमीन काही सोडत नाही.

हे मला पाठ होतं, आणि तरी मी चुकले होते. ती चूक आधी सांगते, नाहीतर पुढचं सांगायचा मला हक्क नाही.

त्या उन्हाळ्यात पट्टीच्या पश्चिमेकडच्या भागाची दुरुस्ती निघाली. तिकडे खडी, डांबराची पिंपं आणि एक रोडरोलर. वापरायला उरले आठशे मीटर. पूर्वेच्या टोकापलीकडे निलगिरीची रांग आणि तिच्या मागे शेतातल्या पंपांना वीज नेणाऱ्या तारा. दुरुस्तीच्या पहिल्याच आठवड्यात अनिकेतला एका विद्यार्थ्याला घेऊन जायचं होतं. अनिकेत आमच्याकडचा सगळ्यात तरुण शिक्षक, तोही देवासचा, मला ताई म्हणतो. उड्डाण सकाळचं होतं, काही कारणाने दुपारवर गेलं. मी सकाळच्याच तापमानाच्या कागदावर सही करून जेवायला बसले.

तासाभराने विमानांची देखभाल करणारे आमचे मिस्त्री काका आले. त्यांनी माझ्या डब्याशेजारी निलगिरीची एक डहाळी ठेवली. ती चाकात अडकलेली सापडली होती. अनिकेतने तक्रार केली नाही, शाळेच्या साहेबांनाही सांगितलं नाही. हात धुता धुता एवढंच म्हणाला, "ताई, आज झाडं जरा उंच वाटली." मी डबा बंद केला. दोन माणसं माझ्या आळसामुळे तारांच्या किती जवळून गेली, हे मी आजही मीटरमध्ये काढायचं धाडस केलेलं नाही.

यानंतर दोनच आठवड्यांनी शेठजी आले.

बदनावरला कलशयात्रा होती आणि शेठजींना मिरवणुकीवर विमानातून पुष्पवर्षाव करायचा होता. रीतसर परवानगी काढलेली. आमच्या कॅप्टन साहेबांना, म्हणजे शाळेच्या मुख्यांना, शेठजींचं मन मोडायचं नव्हतं. पट्टीच्या दुरुस्तीचं काम हललं होतं ते शेठजींच्या ओळखीने. सकाळपासून पट्टीवर मांडव, पताका, ढोल, सरबत. यात्रा चौकात पोचणार दुपारी साडेबाराला, म्हणजे विमान निघणार बाराला. शेठजी, त्यांचे मेहुणे आणि एक फोटोग्राफर असे तिघे बसणार, चालवणार अनिकेत. कागदावर तिघांचं वजन प्रत्येकी पंचाहत्तर, फुलांचे दहा, आणि एकूण बेरीज विमानाच्या मर्यादेच्या बरोब्बर दोन किलो आत. इतकी सुबक बेरीज दिसली की मला नेहमी संशय येतो. आधी उत्तर ठरवलं की असंच जमतं.

मी मांडवात गेले. पोती सावलीत ओळीने ठेवलेली, आणि एक माणूस प्रेमाने त्यांच्यावर बादलीतून पाणी शिंपडत होता. पहाटेपासून दर अर्ध्या तासाने. फुलं कोमेजू नयेत म्हणून.

मी एक पोतं एका हाताने उचलायला गेले आणि ते उचलेना.

साहेबांना सांगितलं. ते हळूच म्हणाले, "शुभा, आजचा दिवस जाऊ दे." मग शेठजींना सांगितलं. त्यांनी तो हात झटकला आणि वजनाचं ते वाक्य बोलले. शेठजी मंडीतले सोयाबीनचे मोठे व्यापारी. त्यांच्यापुढे हवेची घनता काढून काय उपयोग? पण एक गोष्ट माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळते, हे एकदम सुचलं आणि मी विचारलं, "शेठजी, मंडी में गीली सोयाबीन आ जाए तो आप क्या करते हो?"

"वापस करता हूँ. नहीं तो नमी का वजन काटता हूँ. सोयाबीन के भाव पानी थोड़ी लूँगा."

"बस, मी पण तेच करून राहिले."

 शेठजींनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर पाकळ्या काढल्या आणि मंडीत दाणे दाबून बघतात तशा दाबल्या. बोटांच्या फटींतून पाणी गळलं. ढोलवाले थांबले होते, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिकडे. शेठजींनी हात धोतराला पुसला आणि म्हणाले, "तोलो."

मिस्त्री काकांनी काटा आणला. एक पोतं तेरा किलो. तुम्ही धरलेला आकडा बघा आता. चार पोती बावन्न.

शेठजींनी एकदा तोलायला घेतलं की ते थांबणारे नव्हेत. स्वतःच काट्यावर चढले. एकशे दोन. फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या पेटीसकट चौऱ्याऐंशी. मग मेहुण्यांकडे वळून म्हणाले, "आओ सालेसाब, अब आपकी आवक." मांडवात हशा पिकला. मेहुणे चढले, पण चेहरा पडला त्यांचा. एक्याण्णव. हा हशा पुढे मला महागात पडणार होता.

बेरीज केली. विमान मर्यादेपेक्षा ब्याण्णव किलो जड. त्यात बेचाळीस अंश ऊन. झाडांवरून सुखरूप जायला लागणारं अंतर तक्त्यात सापडेना, कारण इतक्या वजनाचा तक्ताच पुस्तकात नसतो. ज्या वजनाला उडायचंच नाही, त्याचा आकडा कोण छापेल? मी अनिकेतकडे पाहिलं. तो निलगिरीकडे बघत होता.

मी म्हटलं, सही होणार नाही.

साहेब संतापले, पण शेठजींनीच त्यांना हाताने थांबवलं. मला विचारलं, किती काढू? मी सांगितलं: दोन पोती खाली, उरलेल्या दोन पोत्यांतल्या पाकळ्या मांडवाबाहेर चादरीवर पसरून जेवढ्या सुकतील तेवढ्या सुकवा, फोटोग्राफर खाली, आणि वजनदार दोघांपैकी एकच जण वर. मेहुणे त्या वेळी फोनवर कुणाला तरी सांगत होते की इथली एक बाई अडवणूक करते आहे. त्यांना उतरवणं कठीण होतं, हे शेठजींनी ओळखलं. ते मागे वळले आणि खुर्चीत सरबताचा ग्लास धरून बसलेल्या शेठाणीबाईंना म्हणाले, "थे जाओ." म्हणजे त्यांच्या जागी तुम्ही जा.

बाई उठल्याच नाहीत. आपल्याला म्हणाले असतील, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. काट्यावर चोपन्न किलो भरल्या. विमानापाशी गेल्यावर मला हळूच विचारतात, चप्पल काढून चढायचं का? मी म्हटलं, तेवढं वजन चालेल. तरी त्यांनी पायरीपाशी काढलीच, देवळाबाहेर काढतात तशी.

नवा कागद केला. ऊन तेव्हाचं, ताजं, मी स्वतः मोजलेलं. वारा पाहिला: खांबावरचा वाऱ्याचा मोजा, तो नारिंगी कापडी नळा, निपचित लोंबत होता. म्हणजे वारा नाही. झाडांवरून जायला सहाशे दहा मीटर, त्यातली जमिनीवरची धाव तीनशे साठ. हाताशी आठशे. मी सही केली. साहेब म्हणाले, वारा नाहीच तर पूर्वेकडेच उडू, मांडवासमोरून जाईल, पाहुण्यांना दिसेल. पश्चिमेकडे उडायचं तर वाटेतला रोलर हलवावा लागणार. मी हो म्हटलं.

पण कागद म्हणजे वचन नव्हे. म्हणून मी एक रीत ठेवली होती. हिशेबात जेवढी धाव येते, तिच्या निम्म्या अंतरावर पट्टीच्या कडेला लाल फडकं लावायचं. जमीन सोडायच्या वेगाच्या सत्तर टक्के वेग त्या फडक्यापाशी आला पाहिजे. सत्तरच का? कारण निम्म्या धावेत वेग निम्मा होत नसतो, सत्तर टक्क्यांपर्यंत पोचतो. धाव वेगाच्या वर्गाने वाढते, आणि सात सत्ते एकोणपन्नास, म्हणजे जवळजवळ पन्नास, एवढंच ते गणित. आमच्या विमानाला जमीन सोडायला पंचावन्न नॉट, म्हणजे तासाला शंभरेक किलोमीटर, लागतात. तेव्हा फडक्यापाशी वेगाच्या काट्यावर, जो हवेतला वेग दाखवतो, अडतीस हवेत. आले तर जा. नाही आले तर इंजिन बंद, ब्रेक, परत या. कारण शोधत बसायचं नाही. मोठ्या विमानांतही एक निर्णयाचा वेग असतो: त्याच्या आत थांबायचं, त्याच्या पुढे गेलात की काहीही होवो, उडायचं. आमचं फडकं म्हणजे त्याचाच गरीब भाऊ.

ऐकायला सोपं आहे. पण फडकं एकशे ऐंशी मीटरवर. पुढे सहाशेच्या वर मीटर मोकळी, काळीभोर, चकाकती पट्टी. मांडवात शेदोनशे माणसं, ढोल, शेजारी शेठाणीबाई, मागे भडकलेले मेहुणे. अशा वेळी पुढे एवढी पट्टी दिसत असताना हात मागे ओढायला काय लागतं, हे विमान न उडवणाऱ्याला सांगून कळत नाही.

मी फडक्यापाशी उभी होते. इंजिनाचा आवाज वाढला, विमान सुटलं, ढोल घुमले. ते माझ्या दिशेने येऊ लागलं आणि मला आधी दिसला वेग नाही, तर गवत. पट्टीच्या कडेचं वाळलं गवत पुढे झुकलेलं होतं, विमान जात होतं त्याच दिशेला. म्हणजे वारा होता, आणि तो पाठीमागून होता! मागून आलेला वारा जमिनीवरचा वेग वाढवतो, पंखांना त्यातलं काही मिळत नाही. मी दोन्ही हात वर केले, ओरडले, पण मला कोण ऐकतंय?

विमान फडक्यावरून गेलं. आणि आवाज पडला.

अनिकेतने इंजिनाचा दांडा मागे ओढला होता. चाकं किंचाळली, विमान नाक खाली घालून पट्टीच्या मध्याच्या अलीकडे थांबलं. ढोल बंद. मांडवातून कुणीतरी ओरडलं, "अरे भिया, पेट्रोल डाला कि नी?" पुन्हा हशा. दार उघडून मेहुणे उतरले आणि सगळ्यांच्या देखत अनिकेतला डरपोक म्हणाले. इतकी पट्टी शिल्लक असताना थांबणारा पायलट त्यांनी पाहिला नव्हता म्हणे.

मी पळत पोचले. अनिकेत अजून वेगाच्या काट्याकडेच बघत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, अडतीस नाही झाले. तीस होते फक्त."

 मी त्या मुलाला तिथेच सॅल्यूट ठोकणार होते. तीस! तो तसाच पुढे गेला असता तर उठला असता, हो, जमीन सोडलीच असती. मग झाडं आली असती आणि झाडांमागच्या तारा.

पण वाऱ्याच्या मोज्याने मला फसवलं कसं? मी खांबापाशी गेले. मांडववाल्यांना पताकांची दोरी बांधायला टोक हवं होतं. पट्टीवर सगळ्यात उंच, छान, रिकामा खांब कोणता? दोरीचे दोन वेढे मोज्याच्या गळ्याला बसले होते, आणि बिचारा मान मोडल्यासारखा लोंबत होता. मी लांबून पाहिलं आणि "वारा नाही" लिहिलं. पाकळ्या तोलल्या, माणसं तोलली, आणि वारा मात्र ऐकीव घेतला. निलगिरीची डहाळी जेवणाच्या डब्याशेजारी पडल्यावरही मी शिकले नव्हते.

दोरी कापली. मोजा फडकन फुगला आणि पूर्वेकडे ताणला गेला. पश्चिमेचा चांगला सणसणीत वारा. मिस्त्री काकांनी रोलरवाल्याला शोधून आणलं, रोलर आणि पिंपं बाजूला झाली. मेहुणे पुन्हा बसायला तयार नव्हते. माझी काही हरकत नव्हती. शेठाणीबाई मात्र जागच्या हलल्याच नव्हत्या. ओटीत पाकळ्या घेऊन बसून होत्या. अनिकेतने त्यांना विचारलं, भीती वाटते का? त्या म्हणाल्या, "तू रुक गया था न, बेटा. अब काय का डर?"

या वेळी तोंड वाऱ्याकडे. नवा कागद, नवी जागा, फडकं मी नव्याने रोवलं. विमान सुटलं, आणि काय सांगू! फडक्यापाशी येईपर्यंत त्याचं पुढचं चाक हलकं झालेलं मला दिसत होतं. अनिकेतने नंतर सांगितलं, काट्यावर बेचाळीस होते. विमान उठलं, रोलरच्या कितीतरी वरून गेलं, उजवीकडे वळलं, आणि मी एकटी त्या तापलेल्या डांबरावर फडकं हातात घेऊन नाचले. लाज वाटली नाही. आजही वाटत नाही.

पुष्पवर्षावाचं म्हणाल तर तो जेमतेमच झाला. पाकळ्या पूर्ण सुकल्या नव्हत्या, त्यांचे गोळे झाले आणि एक गोळा जिलबीवाल्याच्या ताडपत्रीवर धप्पकन आदळला, असा बदनावरहून फोन आला. पण शेठाणीबाई उतरल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहायला हवा होता. शेठजींना म्हणाल्या, वरून तुमची मंडी इत्तीशी दिसते. शेठजी खो खो हसले.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पंधरा दिवसांनी शाळेत एक परिपत्रक लागलं: यापुढे वजनाच्या आणि अंतराच्या कागदावर पायलट एकटाच सही करेल, दुसऱ्या सहीची गरज नाही. मेहुण्यांचा फोन कुठे कुठे फिरून साहेबांपर्यंत आला होता. साहेब वाईट माणूस नाहीत. मला केबिनमध्ये बोलावून चहा दिला आणि म्हणाले, "तू आकडे बरोबर काढलेस, पण माणसं चुकीची दुखावलीस." मी म्हटलं, साहेब, वाऱ्याची चूक माझी, ती लेखी द्या, शिक्षा द्या, पण दुसरी सही काढू नका. त्यांनी परिपत्रकाची एक प्रत माझ्यापुढे सरकवली.

आता मी फक्त वर्गात शिकवते. अनिकेत अजूनही स्वतःचा कागद मला आणून दाखवतो, नियम नसताना. बाकीचे पायलट दाखवत नाहीत, आणि त्यांच्यावर कशाला रागवू? कलशयात्रा आली की त्यांच्यासाठीही साहेबांना फोन येतो. एकट्या माणसाने स्वतःच भरायचं, स्वतःच तपासायचं आणि मांडवभर लोकांसमोर स्वतःलाच नाही म्हणायचं, ही व्यवस्था नव्हे; हा जुगार आहे, आणि त्यात पणाला लागलेला माणूस तुमच्या-माझ्या घरातला आहे. मी साहेबांना तीन अर्ज दिले आहेत. चौथा लिहून तयार आहे.

पण अर्जांनी होईल तेवढंच होईल. उरलेलं तुमच्या हातात आहे. दिवाळीनंतर लग्नं येतील, यात्रा येतील, तुमच्यातलं कुणीतरी विमान नाही तर हेलिकॉप्टर मागवेल. तेव्हा एवढं करा: पायलट किंवा कागदावर सही करणारं कुणी "आज नाही" म्हणालं, तर वरच्या कुणाचाही नंबर लावू नका. फोन खिशात ठेवा आणि त्याच माणसाला विचारा, "मग किती वाजता?" त्याच्याकडे उत्तर असेल.